तात्यांच्या डब्यातली वीज

नीळकंठतात्यांनी आयुष्यभर कालव्यावर नोकरी केली. पूल बांधले, मोऱ्या बांधल्या, साहेबांचे बंगले बांधले. स्वतःचं घर मात्र बांधलं नाही. पेन्शन घेऊन ते सणसरला आले, तेव्हा कालव्याकडेला त्यांची जमीन होती, विहीर होती, मोसंबीची कोवळी बाग होती. घर कधी बांधता, असं कुणी विचारलं की म्हणायचे, "घर बांधलं की माणूस एका जागी अडकतो." सणसरचे शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या एका जागी अडकलेले. ते मान डोलवायचे आणि तात्यांची पाठ वळली की हसायचे.

मी म्हस्कू, लोणी भापकरचा. तात्यांच्या हाताखाली कालव्याची माती उपसली. ते पेन्शनीत गेले तेव्हा बागेला पाणी द्यायला मला बरोबर घेऊन आले. म्हणाले, म्हस्कूला माझी पद्धत ठाऊक आहे. ठाऊक होतीच. डोकं त्यांनी चालवायचं आणि बाकीचं सगळं मी.

बारामतीत एका मोटार-सर्व्हिसवाल्याची जुनी बस इंजिन फुटून पडली होती. तात्यांनी ती घेतली. इंजिन काढून टाकलं, पुढं लाकडी दांडी बसवली आणि आत बिऱ्हाड थाटलं. भिंतीला टेकवून ठेवायची खाट, घडीचं टेबल, फळ्या, खिडक्यांना पडदे. सगळं मोजूनमापून. चहाचा कप जिथं ठेवायचा तिथं फळीला कपाच्या बुडाएवढा खड्डा कोरलेला, हलताना सांडू नये म्हणून. विलायतेत साहेब लोक अशी चाकावरची खोली मोटारीमागं बांधून हिंडतात आणि मनात येईल त्या रानात मुक्काम करतात, हे त्यांनी एका इंग्रजी मासिकात पाहिलं होतं. विलायतेत मोटार ओढते. आमची खोली चार बैलांनी ओढली. कन्हेरीपर्यंत येता येता एका बैलाच्या खांद्याला सूज आली, तिथं मुक्काम पडला. तात्या म्हणाले, "बघ, मुक्काम करायचा तर सोय आहे की नाही?" ते आत खाटेवर झोपले. मी खाली बैलाचा खांदा शेकत बसलो. माझीही सोय होती, दोन चाकांच्या मध्ये.

बारामतीची छोटी आगगाडी सगळ्यांच्या पाहण्यातली, म्हणून लोकांनी त्या खोलीला नाव दिलं डबा. कुठंही नेता येईल असा तो डबा सणसरला आला आणि पहिल्याच पावसात काळ्या मातीत आसापर्यंत रुतला. तेव्हापासून गावात त्याच्याइतकं पक्कं घर दुसरं नव्हतं.

पण डब्याचं खरं कारण ते मासिक नव्हतं. खरं कारण यशोदाकाकू.

काकूंनी तात्यांच्या मागं कालव्याकालव्यानं तंबूत संसार केला होता. रोज दिवस कलला की कंदील पुढं घेऊन बसायचं. वात कापायची, तेल भरायचं, राखेनं काच पुसायची. वारा सुटला की काच तडकायची आणि नवी येईपर्यंत अंधारात भाकरी थापायची. तात्या पेन्शनीत गेले त्या दिवशी काकू पुण्याला भावाकडं गेल्या. भाऊ रमाकांत सरकारी कचेरीत कारकून. त्याच्या घरी वीज आलेली. भिंतीवरचं बटण दाबलं की दिवा. काकूंनी सणसरला निरोप धाडला: दिवाळीला येते. बटण दाबून दिवा लागला तर राहते. कंदिलाची काच पुसायला लावणार असाल, तर भाऊबीज झाली की दादाबरोबर परत. मग पुन्हा बोलावू नका.

तात्या यावर कुणाशी बोलले नाहीत. डब्यातल्या फळीवर दोन कप होते. एकात ते चहा प्यायचे. धुताना मात्र रोज दोन्ही धुवायचे.

तेव्हा सणसरला वीज होती ती फक्त आभाळात, आणि तीसुद्धा वळवाच्या पावसापुरती. तात्यांनी पहिला उपाय काढला तो बॅटरीचा. मोटारीची बॅटरी बारामतीच्या गॅरेजात भरून आणायची आणि डब्याखाली पेटीत ठेवायची. दिवा लागला. पंखाही फिरला. तात्यांनी दारालगत पितळी बटण बसवलं होतं, ते बघायला माणसं यायची. तात्या दाबून दाखवायचे, बंद करायचे, पुन्हा दाबायचे. एक म्हातारी रोज यायची आणि म्हणायची, "परत एकडाव कर रं लेकरा." तात्यांना साठी जवळ आली होती. लेकरू म्हटल्यावर ते पुन्हा करायचे. बॅटरी उजेड पाडण्यात कमी आणि बटण दाखवण्यातच जास्त संपायची.

शेजारच्या मळ्यात महिपती. वांगी, मिरच्या, पेरू घेऊन तो दर बाजाराला गाडीनं बारामतीला जायचा. जाताना बॅटरी न्यायचा, येताना आणायचा. एकदा आला तेव्हा मी गाडीत डोकावलो. बॅटरी कडब्यावर आडवी पडलेली.

"महिपतराव, आडवी का ही?"

"मग काय हुबी आनू? रस्ता कसा हाय बघितलास का? हुबी आसती तर पडून फुटली आसती. निजवली. वर घोंगडं बी घातलं."

"घोंगडं कुठंय?"

महिपतीनं घोंगडं वर धरलं. कडा चारही शाबूत होत्या. मधलं सगळं तेजाबानं खाल्लं होतं. त्यातून मला महिपतीचं तोंड दिसत होतं.

"आतलं पानी जरा सांडलं व्हतं," तो म्हणाला. "म्हनलं, तात्यांना कशाला तरास. वाटंत भरून घेतलं."

"कसलं पाणी?" तात्या मागून आले होते.

"कालव्याचं."

तात्या गाडीत चढून बॅटरीजवळ उकिडवे बसले आणि तिच्या भोकातून आत बघत राहिले.

"कालव्याचं," ते म्हणाले.

"आपल्याच कालव्याचं की. तुमीच काढल्याला. गोड पानी हाय."

बॅटरी दोन-तीन दिवस फसफसली आणि गेली. नवी मागवायची तर पुण्याहून, आणि पुण्याहून मागवली की रमाकांताच्या कानावर जाणार. ते तात्यांना नको होतं. महिपतीला त्यांनी शब्दानं दुखवलं नाही. मला म्हणाले, "चूक माझी. बॅटरी झोपत नाही, हे मी त्याला सांगायला हवं होतं." मोठा माणूस. पण दिवाळी पंधरा दिवसांवर आलेली आणि डब्यात अंधार.

बसचं इंजिन गेलं तरी तिचा डायनामो तात्यांनी काढून ठेवला होता. डायनामो फिरला की वीज होते. फिरवायचा कशानं एवढाच प्रश्न. तात्यांनी काठीनं मातीत आकडे मांडले. डायनामोला पळणारं इंजिन लागतं, आणि आपल्याकडं काय आहे तर बैल. बैलाला कसलीच घाई नसते. म्हणजे बैल सावकाश चालला तरी डायनामोनं भिंगरीसारखं फिरलं पाहिजे.

महिपतीनं गुऱ्हाळासाठी नवा चरक घेतला होता. जुना त्याच्या कडब्याच्या गंजीमागं पडून होता. चरक म्हणजे उसाचा रस काढायचा घाणा. मध्ये खांब, खांबाला लांब दांडा, दांड्याला बैल, आणि बैल गोल गोल. तात्यांनी त्या खांबाच्या माथ्यावर गाडीच्या चाकाहून थोरलं लाकडी चाक आडवं बसवायला लावलं. कुंडलिक सुतारानं ते केलं. त्या चाकावरून दोर एका जुन्या सायकलच्या चाकाच्या आसावर बसवलेल्या लहान कप्पीवर, त्या सायकलच्या चाकावरून चामड्याचा पट्टा डायनामोवर. पट्टा घसरू नये म्हणून राळ. डायनामोपासून डब्यापर्यंत तार. हे सांगायला चार ओळी लागल्या. खांब पुरायला खड्डा मी खणला, चाक वर मी चढवलं, दोर तुटला की मी सांधला, पट्टा घसरून तोंडावर बसला तोही माझ्याच. तात्यांनी आकडे मांडले ते एकदाच.

खोटं कशाला सांगू, आकडे बरोबर होते. महिपतीनं बैल जुंपले, हाकारा घातला, आणि डब्यातला दिवा आधी लाल झाला, मग पिवळा, मग पांढरा. धोंडाबाई, म्हणजे महिपतीची बायको, दारात उभी होती. ती म्हणाली, "आमच्या बैलांनी आजवर शेण सोडून दुसरं काय दिलं नव्हतं बया." दिवा बैलाच्या मर्जीवर असायचा. बैल अंगावरची माशी हाकलायला थबकला की उजेड मिणमिणायचा. मुतायला उभा राहिला की काळोख. आत बसलेल्यानं समजून घ्यायचं आणि वाट बघायची.

तात्यांनी पुण्याला निरोप पाठवला: वीज आली आहे.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दुपारच्या मोटारीनं काकू आणि रमाकांत यायचे होते. सकाळी मी महिपतीकडं गेलो आणि सांगितलं, दिवे लागायच्या आधी बैल घेऊन या. तो गोठ्यात बैलांची शिंगं रंगवत होता. त्यानं वळूनही पाहिलं नाही.

"आज?" तो म्हणाला. "आज आवस हाय."

मी तसाच परत आलो आणि तात्यांना सांगितलं. तात्या दाढी करत होते. अर्धी दाढी तशीच ठेवून ते गोठ्याकडं निघाले.

"महिपती, अरे हे काय औत आहे का? नांगर नाही, कुळव नाही, पाभर नाही. लोखंड जमिनीला लागतसुद्धा नाही."

"तात्या, जू खांद्यावर चढलं की औत. माघारी काय बांधलंय ते बैलाला काय ठावं?"

"मग बैलाला अमावास्या तरी काय ठाऊक?"

"त्याला न्हाय. मला हाय."

"हे यंत्र आहे रे. विजेचं."

"आसंल. माझ्या आज्यानं आवसंला बैल जुपला न्हाय. बापानं न्हाय. बाप मेला त्या दिवशी आवस व्हती, सरपान आनायला गाडी जुपली न्हाय, डोक्यावर वाहिलं. आता मी दिव्यापायी जुपू? वर गेल्यावर बापाला काय सांगू?"

तात्यांच्या गालावरचा साबण वाळून पांढरा झाला होता. ते म्हणाले, "दिवाळी अमावास्येला असते हे तुला माहीत नव्हतं?"

"व्हतं की. तुमाला नव्हतं?"

तात्यांना माहीत होतं, ते पंचांग बघणारे. महिपतीला माहीत होतं. मलाही माहीत होतं. दिवाळी अमावास्येला येते, आणि अमावास्येला बैल जुंपत नाहीत. ही दोन वाक्यं आम्ही सगळे लहानपणापासून जाणतो. खड्डा खणताना, चाक चढवताना, दिवा लागल्यावर नाचताना ती दोन वाक्यं आमच्या तिघांपैकी एकाच्याही डोक्यात एकत्र आली नाहीत.

तात्या खाली मान घालून निघाले. आपण इतके दिवस कशासाठी धडपडत होतो हे गोठ्यातल्या बैलांनासुद्धा कळलं असतं, असा त्यांचा चेहरा झाला. महिपतीला ते बघवलं नाही.

"तात्या, थांबा. बैल न्हाय. पन मी येतो."

"तू येऊन काय करणार?"

"दांडा वढतो. आवस बैलानं पाळायची आस्ती. मानसाला कुठं हाय? मानूस बाराई म्हैनं जुपल्यालाच."

तात्यांनी पुन्हा मातीत आकडे मांडले. दोन बैलांच्या जागी दोन माणसं पुरत नव्हती. तिसरा पाहिजे. गावातलं दुसरं कुणी येणं शक्य नव्हतं, प्रत्येकाच्या घरी पूजा. तात्यांनी काठी टाकून दिली आणि स्वतःच्या हातांकडं बघितलं. इतकी वर्षं त्या हातांनी फक्त बोट दाखवलं होतं.

काकू आल्या. लुगड्याचा घोळ सावरत त्यांनी डब्यात पाय टाकला आणि सगळं बघून घेतलं. खाट, टेबल, पडदे. बटणाकडं त्यांनी बघितलं, पण हात लावला नाही. रमाकांतानं मात्र कोट न काढता तपासणी सुरू केली. कारकुनाची सवय.

"नीळकंठराव, यंत्र कुठं बसवलंय?"

"मागं. गंजीच्या पलीकडं."

"किती हॉर्सपॉवर?"

"घोडे नाहीत," तात्या म्हणाले. त्यात काही खोटं नव्हतं.

"आवाज नाही की फडफड नाही. तेल किती खातं?"

"तेल खात नाही. भाकरी खातं," मी म्हणालो. तात्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी पाणी आणायला निघून गेलो.

सूर्य कलला. गावात घराघरांच्या दारात, ओट्यांवर, तुळशीपुढं पणत्या लागल्या. थोडं तेल, कापसाची वात, काम संपलं. सगळं सणसर उजळून निघालं होतं. तात्या काकूंना म्हणाले, "तू पूजेची मांडणी कर. मी जरा बागेचं पाणी बघून येतो." अमावास्येच्या संध्याकाळी बागेचं पाणी. काकू हो म्हणाल्या.

गंजीमागं येऊन तात्यांनी कोट काढला, घडी घालून कडब्यावर ठेवला, वर टोपी ठेवली. मग दांड्याला छाती लावली. आतल्या कडेला ते, मध्ये मी, बाहेरच्या टोकाला महिपती. बाहेरच्याला चालावं जास्त लागतं. महिपती म्हणाला, "बॅटरी मी मारली, भाईर मीच ऱ्हातो."

आम्ही निघालो. नुसता चरक फिरवणं काही अवघड नाही. अवघड होतं ते आत बटण दाबल्यावर. काकूंनी ते दाबलं तेव्हा कुणीतरी दांड्याला पलीकडून हात लावून अडवल्यासारखं झालं. दांडा छातीत रुतला. आम्ही रेटला. गंजीच्या कडेनं डब्याच्या खिडकीचा चौकोन दिसत होता, तो लाल झाला, मग पिवळा. तात्यांचा श्वास भात्यासारखा चालला होता, पण त्या पिवळ्या चौकोनाकडं बघून ते हसले.

मग रमाकांताला बटण सापडलं.

पुण्यात त्याच्या घरी रोजचंच बटण. पण सणसरातलं बटण त्याला तपासून बघायचं होतं. त्यानं बंद केलं. दांडा एकदम हलका झाला आणि आम्ही तिघं पुढं तोंडावर गेलो. त्यानं चालू केलं. पुढं गेलेली छाती दांड्यावर आदळली. बंद. चालू. बंद. चालू. महिपतीनं त्याच्या आईचं नाव घेतलं. तात्या म्हणाले, "महिपती, माझी सासू आहे ती."

"मग तुमीच सांगा त्याला कायतरी."

"आता कसं सांगू?"

बटणाची परीक्षा झाल्यावर रमाकांतानं पंखा लावला. आश्विन संपत आलेला, अंगावर काटा येईल अशी हवा, आणि पंखा. पंखा म्हणजे चिखलात रुतलेली उसाची गाडी. आमच्या पायांचे अंगठे मातीत घुसायला लागले. आतून त्याचा आवाज आला, "वेग थोडा कमी आहे हं, नीळकंठराव!" नीळकंठराव त्या वेळी दांड्यावर जवळजवळ आडवे झाले होते.

काकूंनी मांडणी केली आणि एक पणती घेऊन त्या महिपतीच्या गोठ्याकडं गेल्या. दिवाळीत गोठ्यातही दिवा ठेवतात. वाटेत त्यांना गंजीमागून चरक फिरल्याची करकर ऐकू आली, बैलच फिरवत असणार असं त्यांनी धरलं. तिथं दोन्ही बैल रंगवलेली शिंगं हलवत, डोळे मिटून रवंथ करत बसलेले. काकू थांबल्या. पुढचं मला धोंडाबाईनं सांगितलं.

काकू म्हणाल्या, "धोंडाबाई, बैल दोनच ना तुमचे?"

"व्हय. दोनच."

"ते इथं बसलेत. मग तिकडं फिरतंय कोण?"

धोंडाबाई पदरात हसली. "आमचं मालक, म्हस्कूभावजी, आन्‌ तुमचं मालक. काकू, तुमी बी आमच्यातल्याच झाला बगा."

काकू पणती हातात घेऊन गंजीमागं आल्या. आम्हाला थांबता येत नव्हतं. तात्या एका फेऱ्यात त्यांच्या समोरून गेले, तेव्हा फक्त "तू आत" एवढं म्हणाले. पुढच्या फेऱ्यात "जा" म्हणाले. काकू हलल्या नाहीत. त्यांच्या पणतीच्या उजेडात आमचे तिघांचे घामेजलेले चेहरे पाळीपाळीनं येत होते आणि जात होते.

"थांबा," काकू म्हणाल्या.

"थांबलो तर दिवा जाईल."

"जाऊ दे."

तात्या एक फेरा घेऊन पुन्हा समोर आले. "मग तू जाशील," ते म्हणाले, आणि पुढं गेले.

महिपती आणि मी पायांकडं बघत चाललो. नवराबायकोचं बोलणं ऐकू नये, पण एका दांड्याला जुंपलेला माणूस जाणार कुठं?

काकू वळल्या आणि डब्याकडं गेल्या. आम्हाला वाटलं, झालं, आता सामान बांधणार. डब्यातून आवाज आला तो वेगळाच.

"दादा, कोट काढ."

"का गं?"

"पूजेला यजमान लागतो. यजमान बाहेर जुंपलाय. त्याच्या जागी जा."

"मी? अगं, मी सरकारी नोकर आहे!"

"हेसुद्धा होते. जा."

रमाकांत आला. दांडा, आम्ही, नंतर आपले स्वच्छ हात, असं त्यानं क्रमानं बघितलं. तात्यांनी चालता चालता दांडा त्याच्या छातीवर सोपवला, कडब्यावरचा कोट उचलला आणि गेले. रमाकांत तरुण नव्हता, पण पोटानं भारी होता. वजनाचा उपयोग झाला. खिडकीतला उजेड पहिल्यांदाच पांढरा झाला.

आत घंटा वाजायला लागली. तात्या मंत्र म्हणत होते, आवाज अजून धापेचा. थोड्या वेळानं रमाकांतानं मला विचारलं, "पूजा अजून किती वेळ चालेल हो?"

"आरती झाली की संपलं."

"दांडा फार जड आहे."

"पंखा चालू हाय न्हवं," महिपती पलीकडून म्हणाला.

"पंखा? या थंडीत? कुणी लावला?"

"तुमीच, साहेब," महिपती म्हणाला.

पूजा संपली. काकूंनी आधी पंखा बंद केला, मग दिवा. आम्ही पुढं पडलो नाही, तयारीत होतो. त्या लाह्या-बत्तासे घेऊन पणतीच्या उजेडात आल्या. प्रत्येकाच्या हातावर ठेवले. तात्यांच्या हातावर ठेवताना म्हणाल्या, "मी कंदिलाच्या काचा पुसणार नाही म्हटलं होतं. माणसं जुंपा असं म्हटलं नव्हतं."

"बैल जुंपणार होतो. अमावास्या आली."

"दिवाळी कधी असते हे कालव्याच्या नोकरीत शिकवत नाहीत वाटतं."

तात्यांनी बत्तासा तोंडात टाकला.

"पुण्यात बटण दाबलं की दिवा लागतो," काकू म्हणाल्या. "तो कोण लावतं ते दिसत नाही. मिणमिणला तर बोलायचं कुणाला? इथं निदान ते कळतं." एवढं बोलून त्या धोंडाबाईकडं लाह्या द्यायला गेल्या.

तात्यांनी महिपतीचा दंड धरला. "राहते म्हणाली का रे?"

"व्हय की. बोलायला हक्काचा मानूस पायजेल म्हनल्या. तसा पुन्यात कुठला गावायला?"

भाऊबीज झाली आणि रमाकांत एकटाच परत गेला. मोटारीच्या पायरीवर त्याला पाय उचलता येईना, मी मागून हात दिला.

पुढं उसाचा हंगाम लागला. महिपतीचे बैल दिवसभर गुऱ्हाळात राबायचे. संध्याकाळी त्यांना पुन्हा जुंपायचं महिपतीच्या जिवावर यायचं. काकूंनी निकाल दिला: ज्याला वीज पाहिजे त्यानं फिरावं. थोरला दिवा काढून बारका लावला, पंखा काढून फळीवर ठेवला. बारक्या दिव्याला एक माणूस पुरायचा. तो माणूस म्हणजे तात्या. पहिले काही दिवस त्यांच्या छातीला वळ उठले. मी म्हणालो, दांड्याला गोणपाट गुंडाळतो. ते म्हणाले, गुंडाळ, पण तिला सांगू नकोस. काकूंनी ते दुसऱ्याच दिवशी पाहिलं आणि गोणपाट काढून त्या जागी जुन्या लुगड्याची घडी शिवून टाकली.

अडचण एकच राहिली. तात्यांना वर्तमानपत्र वाचल्याशिवाय चैन पडायचं नाही. वाचायला उजेड पाहिजे. उजेड पाहिजे तर फिरलं पाहिजे. फिरणाऱ्याला वाचता येत नाही. त्यांनी मातीत आकडे मांडून बघितले, त्यातून काही निघालं नाही. शेवटी काकू खिडकीशी दिव्याखाली बसून मोठ्यानं वाचायला लागल्या आणि तात्या गंजीमागं फिरत ऐकायला लागले. गावातलं बरंच माणूस गंजीला टेकून बसायचं. सणसरला जगातल्या बातम्या अशा पोचायच्या.

बातमी रंगात आली की तात्यांचे पाय हळू व्हायचे आणि खिडकी लाल पडायची. एकदा विलायतेच्या राजानं गादी सोडली, ती बातमी चालली होती. एका बाईसाठी सोडली म्हणे. काकू वाचत होत्या, आणि तात्या दांड्यावर हात ठेवून उभेच राहिले. काळोख झाला.

"अहो, चाला!" काकू आतून ओरडल्या.

"मग पुढं त्या राजाचं काय झालं?"

"उजेड करा. मग सांगते."